१९७१ सालासोबत आठ महिने: सोळा अल्बम रोज वाजवल्यावर काय टिकलं

आधी मी नेमकं काय केलं ते सांगते, म्हणजे पुढचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवाल. १९७१ साली आलेले सोळा अल्बम निवडले आणि ते ज्या क्रमाने बाजारात आले साधारण त्याच क्रमाने लावले. आठवड्याला एकच अल्बम. रोज एकदा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं काही न गाळता. सोळा आठवड्यांनी फेरी संपली तशी पुन्हा पहिल्यापासून दुसरी. म्हणजे प्रत्येक अल्बम चौदा वेळा. श्रेष्ठ अल्बमांच्या याद्या पैशाला पासरी आहेत. मला बघायचं होतं रोजच्या वापरात काय झिजतं आणि काय टिकतं. चपलेसारखं. दुकानात सगळ्याच छान दिसतात.

पहिले पाच आठवडे काही खटकलं नाही. सहाव्यात मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला. दर गाण्यानंतर बारीकशी फट पडत होती, सेकंदभराचीही नसेल. मला वाटलं, असेल असंच. चौथ्या दिवशी कळलं की फट अल्बमची नाही, माझ्या अ‍ॅपची आहे. सेटिंगमध्ये 'गॅपलेस' बंद होतं. ते चालू केलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसले. पहिलं गाणं विरतंय म्हणेपर्यंत त्याच्याच अंगातून दुसरं वर आलं, दुसऱ्यातून तिसरं, आणि सहाव्या गाण्यापर्यंत सगळं असंच वाहत गेलं. घड्या तशाच राहिल्या. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तो पहिल्या गाण्याची ओळ पुन्हा आणतो, तेव्हा अगदी समेवर आल्यासारखं होतं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा मालक बेरी गॉर्डी हे शीर्षकगीत काढायलाच तयार नव्हता, हे वाचून तर नवल वाटलं. ज्यांना एकच अल्बम वापरून बघायचाय त्यांनी हा घ्यावा. पण आधी ते सेटिंग तपासा.

या गोंधळातून एक फायदा झाला. लक्षात आलं की या लोकांनी अल्बम दोन तुकड्यांत रचलेत. रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं, मग उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई ठेवायची. मी रेकॉर्ड वाजवत नाही, तेव्हा तशी शिस्त स्वतःला लावून घेतली: प्रत्येक अल्बमच्या दोन वेगळ्या प्लेलिस्ट केल्या. पहिली बाजू संपली की शांतता. दुसरी हाताने लावायची. ऐकायला खुळेपणा वाटेल, पण आठ महिन्यांत जी एक गोष्ट खरोखर उपयोगी पडली ती हीच.

उदाहरणार्थ जॅनिस जॉप्लिनचा 'पर्ल'. हा जानेवारीत आला, ती गेली त्यानंतर तीन महिन्यांनी. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' यात शब्दच नाहीत. बँडने आपली बाजू वाजवून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी तिने गायचं होतं, आणि त्याच दिवशी, ४ ऑक्टोबर १९७० ला, ती गेली. सलग ऐकताना मला ते नुसतं एक मध्ये टाकलेलं वाद्यसंगीत वाटायचं. त्यापुढे शांतता ठेवल्यावर ती रिकामी जागा रिकामीच राहते. पाचव्या दिवशी मी त्या जागेत काहीतरी गुणगुणत होते. माझं मलाच कसंसं झालं.

स्लाय अँड द फॅमिली स्टोनने तर ही जागा मुद्दामच वापरलीय. 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' हे शीर्षकगीत पहिल्या बाजूच्या अखेरीला आहे आणि त्याची लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद. अल्बम म्हणाल तर ध्वनीच्या दृष्टीने सोळांतला सर्वांत मळका. टेपवर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून आलेली सळसळ, आवाज गादीखालून आल्यासारखा, बऱ्याच ठिकाणी ढोलकऱ्याऐवजी यंत्राचा ठेका. पहिल्या फेरीत मी याला 'नापास' असा शेरा मारला होता. दुसऱ्या फेरीत हाच सर्वांत जास्त पुरला. स्वच्छ आवाज चौथ्या दिवशी सगळा पाठ होतो. या धुरळ्यात दहाव्यांदाही एखादी गिटार नवीन सापडते.

आता ज्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय त्या दोघींकडे येते. कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' फेब्रुवारीत आला, जोनी मिचेलचा 'ब्लू' जूनमध्ये. दोन्ही हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत झाले, दोन्हींत जेम्स टेलरची गिटार आहे, आणि 'टॅपेस्ट्री'त एका गाण्यामागे जोनीचा आवाजही आहे. इतकं शेजारचं असून वापराला दोन टोकं.

'टॅपेस्ट्री' म्हणजे धुवून धुवून मऊ झालेली चादर. कधीही घ्या. पियानो जवळ वाजतो, आवाज घरातला वाटतो, कुठे ताणून दाखवायची हौस नाही. अमेरिकेत हा सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होता; कसा ते वापरल्यावर कळतं. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' हे गाणं तिने अठराव्या वर्षी गेरी गॉफिनबरोबर रचलं होतं, द शिरेल्स या मुलींच्या गटासाठी. तिथे ते उड्या मारतं. इथे एकोणतिशीत ती तेच स्वतः गाते, गती उतरवून. प्रश्न तोच: उद्याही प्रेम राहील ना? फक्त आता विचारणारीला उत्तर थोडंफार ठाऊक आहे. दुसऱ्या फेरीतल्या एका सकाळी बसमध्ये उभी असताना हे गाणं लागलं आणि माझा थांबा गेला.

'ब्लू' रोज वापरायची वस्तू नाही, हे स्पष्ट सांगते. अवघी छत्तीस मिनिटं. मांडीवर घेऊन वाजवायचं डल्सिमर, गिटार, पियानो, आणि एक आवाज जो काही झाकत नाही. 'लिटल ग्रीन' हे तिने दत्तक दिलेल्या स्वतःच्या मुलीबद्दल आहे. ही गोष्ट लोकांना १९९० च्या दशकात समजली, तोवर नुसतंच एक सुंदर कोडं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत मी भारावलेली होते, चौथ्या दिवशी चिडचिड, पाचव्या दिवशी लावायचं जिवावर आलं. कोणाचं खासगी पत्र रोज काढून वाचल्यासारखं वाटतं ते. दुसऱ्या फेरीत नियम मोडला आणि आठवड्यात दोनदाच ऐकला. दोष अल्बमचा नाही, माझ्या पद्धतीचा आहे.

लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमबाबत तक्रार सगळ्यांची असते तीच: 'स्टेअरवे टू हेवन' कानाला घट्टे पाडून गेलंय. पण ते पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. तिथे थांबलात तर बरंचसं विष उतरतं. आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात खाली जिन्यापाशीच्या हॉलमध्ये ड्रम मांडले, वर जिन्यावरून दोन माइक लोंबकळत सोडले, आणि जॉन बॉनम वाजवत सुटला. चांगल्या हेडफोनवर फक्त ड्रम नाही, जिन्याची उंची ऐकू येते. चौदा वेळा ऐकून एकदाही कंटाळले नाही.

द हूचा 'हूज नेक्स्ट' हा फसलेल्या बेताचा उरलेला माल. त्या बँडमधल्या पीट टाउनशेंडला 'लाइफहाउस' नावाचं काहीतरी अवाढव्य करायचं होतं, ते कोसळलं, आणि ढिगाऱ्यातून मुख्यतः हीच गाणी उचलली. 'बाबा ओ'रायली'मधले बाबा म्हणजे नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेर बाबा. 'रायली' हे संगीतकार टेरी रायलीवरून. सुरुवातीची ती गरगरती सुरावट मी कायम सिंथेसायझर समजत होते. ती लॉरी ऑर्गनची आहे. अल्बम जबरदस्त आहे, पण कामाला जाताना. झोपायच्या आधी लावू नका.

'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' तीन रेकॉर्डचा, त्यामुळे त्या आठवड्याचं वेळापत्रक पार कोलमडलं. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्यं जुळवतात, संपल्यावर न्यूयॉर्कचे श्रोते टाळ्या वाजवतात, आणि पंडितजी शांतपणे म्हणतात की जुळवणं इतकं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल. चौदाही वेळा हसले.

बाकीचे भराभर. पिंक फ्लॉइडचा 'मेडल': दुसरी बाजू म्हणजे तेवीस मिनिटांचं एकच गाणं, 'एकोज', आणि त्याच्यासाठी पहिली बाजू माफ. रोलिंग स्टोन्सचा 'स्टिकी फिंगर्स' मुखपृष्ठावरच्या पँटच्या खऱ्या चेनसाठी प्रसिद्ध. ती चेन रेकॉर्डला खड्डे पाडायची म्हणून अर्धी उघडून पाठवायला लागले, म्हणजे खड्डा मधल्या कागदी लेबलवर पडेल. पहिल्या गाण्याचे शब्द आज ऐकवत नाहीत, शेवटचं 'मूनलाइट माइल' ऐकतच राहावं. द डोर्सचा 'एल. ए. वुमन' रात्री उत्तम, दुपारी नाही. ऑलमन ब्रदर्सचा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' स्वयंपाक, इस्त्री, प्रवास सगळ्याला चालतो. फंकाडेलिकच्या 'मॅगट ब्रेन'मध्ये एडी हेझलचं दहा मिनिटांचं गिटारवादन पहिल्यालाच आहे. भैरवी आधी गाऊन घेतल्यावर मैफलीने करायचं काय? जेथ्रो टलचा 'अक्वालंग' दुसऱ्या फेरीत झिजलेला निघाला. लेननचा 'इमॅजिन' त्याहून लवकर: शांततेच्या गाण्याने सुरू होतो आणि बीटल्समधल्या जुन्या साथीदाराच्या, मॅकार्टनीच्या, नावाने बोटं मोडणारं गाणंही त्याच अल्बमात.

डेव्हिड बोवीचा 'हंकी डोरी' डिसेंबरातला. 'लाइफ ऑन मार्स'चा पियानो रिक वेकमनचा. हाच माणूस त्या वर्षी कॅट स्टीव्हन्सच्या 'मॉर्निंग हॅज ब्रोकन'मध्येही वाजवतो आणि येस या बँडच्या 'फ्रजाइल'मध्येही. गाणं विरल्यावर मागे एक टेलिफोन वाजतो. पहिल्या फेरीत दोनदा मी फोन शोधायला उठले. दुसऱ्या फेरीतही एकदा, आणि तेव्हा खरंच माझाच होता.

सध्या तिसरी फेरी चालू आहे, तेरा अल्बमांची. 'इमॅजिन' आणि 'अक्वालंग' बाहेर. 'मॅगट ब्रेन'चं फक्त पहिलं गाणं 'स्लाय'च्या शून्य सेकंदांनंतर चिकटवलंय, तिथे ते बरोबर बसतं. 'ब्लू' तेरांत आहे, पण त्याला आठवडा नाही. महिन्याचा पहिला रविवार, रात्री, एकदाच.