शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी : बर्नस्टाइन आणि शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा

लेनिनग्राडवर जर्मन फौजा चालून आल्या, त्या १९४१ सालात रशियन संगीतकार शोस्ताकोविचने ही सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहिली. मी तबलावादक, त्यामुळे कान आधी पहिल्या भागातल्या साइड ड्रमकडे (काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ढोलाकडे) जातो. तो इतका दबक्या आवाजात सुरू होतो की आवाज वाढवावासा वाटतो, वाढवू नका. तोच ठेका, तीच साधी धून, एकेक वाद्य चढत जातं आणि शेवटी सगळं अंगावर येतं. वेढ्यात अडकलेल्या शहरात ९ ऑगस्ट १९४२ला अर्धपोटी वादकांनी हे वाजवलं होतं! या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यवृंदाचे संचालक बर्नस्टाइन लय संथ घेतात, पहिला भागच अर्ध्या तासावर जातो. मला ते मनापासून पटलं. डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीचा हा दोन सीडींचा संच, सोबत पहिली सिम्फनीही आहे. मोबाइलवर नको, चांगल्या स्पीकरवरच ऐका.