दर्जोन्नती झालेला रस्ता नकाशावर : तुकडे करावेत की साखळी धरावी?

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्त्यांचा नकाशा संगणकावर उतरवायचे ठरले, की कोणते सॉफ्टवेअर घ्यावे यावरच बैठका होतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. क्यूजीआयएस हे नकाशे हाताळणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि ‘इतर जिल्हा मार्ग’ व त्याखालच्या दर्जाचे ‘ग्रामीण मार्ग’ सांभाळण्यास ते पुरेसे आहे. खरा निर्णय पुढचा आहे. एखाद्या ग्रामीण मार्गाचा काही भाग दर्जोन्नत होऊन इतर जिल्हा मार्ग झाला, तर नकाशावरील रेषा त्या ठिकाणी कापायची, की रेषा अखंड ठेवून ‘कि.मी. ४/२०० ते ९/६०० : इतर जिल्हा मार्ग’ अशी नोंद स्वतंत्र तक्त्यात करून ती रेषेशी जोडायची? (४/२०० म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ४ किलोमीटर २०० मीटर; अंतराच्या या मोजणीला साखळी म्हणतात.) पहिली तुकड्यांची पद्धत, दुसरी साखळीची. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवाच्या मर्यादेत घ्यावे.

तुकड्यांची पद्धत कोणालाही चटकन समजते. रेषा निवडली, कात्री चालवली, दर्जाच्या रकान्यात नवे नाव भरले आणि रंग बदलला, इतकेच काम. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरही रस्ते असेच तुकड्यांत असतात व मार्ग म्हणून ते एकत्र बांधले जातात. शाखा अभियंत्याला छापील नकाशा हवा असेल किंवा सभेपुढे रंगीत तक्ता ठेवायचा असेल, तर या पद्धतीत वेगळी तयारी लागत नाही. बदली होऊन आलेल्या नव्या माणसालाही फारसे शिकवावे लागत नाही, आणि सरकारी कार्यालयात हा गुण लहान समजू नये.

तरीही मला या पद्धतीपासून दूर नेले ते लांबीच्या रकान्याने. रेषा कापली की सॉफ्टवेअर मूळ रेषेची सर्व माहिती दोन्ही तुकड्यांना जशीच्या तशी देते. मूळ रस्ता १२.४०० किलोमीटरचा असेल आणि ती लांबी नोंदवहीवरून हाताने भरलेली असेल, तर कापल्यानंतर दोन्ही तुकडे आपण १२.४०० किलोमीटरचे असल्याचे सांगू लागतात, आणि ३१ मार्च अखेरच्या लांबीचा गोषवारा काढताना तालुक्याचे रस्ते कागदावर वाढलेले दिसतात. हे एकदा दुरुस्त करणे अवघड नाही. परंतु रस्ता फक्त दर्जासाठी कापला जात नाही; डांबरीकरण कुठे संपते, कोणत्या योजनेतून कुठवर काम झाले, देखभालीचा कालावधी कुठपर्यंत लागू आहे, या प्रत्येक गोष्टीसाठी तो पुन्हा कापला जातो, आणि प्रत्येक वेळी तीच दुरुस्ती नव्याने करावी लागते. शेवटी पुलाजवळ चाळीस-पन्नास मीटरची एखादी चिंधी स्वतंत्र रस्ता म्हणून यादीत येते आणि तिच्याही नावासमोर मोऱ्यांची संख्या पूर्ण रस्त्याचीच दिसते. क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांत कापताना आकडे लांबीच्या प्रमाणात वाटण्याची सोय आली आहे, ती जरूर वापरावी. पण मोऱ्या प्रमाणात वाटल्या जात नाहीत.

साखळीच्या पद्धतीत रेषेला कोणी हात लावत नाही. दर्जाचा एक तक्ता, पृष्ठभागाचा दुसरा, कामांचा तिसरा. प्रत्येक तक्त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे दोन आकडे, आणि नकाशावर रंगवायचा भाग सॉफ्टवेअर त्यावरून स्वतः काढते. पोस्टजीआयएस या नकाशे साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये एकदा व्ह्यू (तक्त्यांवरून आपोआप बनणारे दृश्य) तयार करून ठेवला, की तक्त्यातील आकडा बदलताच नकाशाही बदलतो. याहून महत्त्वाचे म्हणजे आपली कागदपत्रे मुळातच ही भाषा बोलतात. शासन निर्णय, अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप पुस्तिका या सर्वांत रस्त्याचा भाग साखळी क्रमांकानेच सांगितलेला असतो. तुकड्यांच्या नकाशात तो आकडा प्रत्येक वेळी कापण्याच्या जागेत रूपांतरित करावा लागतो. इथे तो जसा आला तसा लिहिला जातो.

या पद्धतीची दुखणीही कमी नाहीत. संगणकाने मोजलेली लांबी आणि जमिनीवरचे किलोमीटरचे दगड सहसा जुळत नाहीत. जुन्या रस्त्यांवर वळणे सरळ झालेली असतात, दगड मात्र पूर्वीच्याच जागी उभे असतात. त्यासाठी क्यूफील्ड या मोबाइल ॲपवर दगडांचे बिंदू घेऊन दोन दगडांमधले अंतर त्या-त्या टप्प्यातच वाटून द्यावे लागते, आणि हे काम रस्त्यावर जाऊनच होते. यवतमाळ, अमरावती यांसारख्या जिल्ह्यांतून ७८ अंश रेखांश जातो व मोजणीसाठी पृथ्वीचे रेखांशानुसार पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीचे दोन पट्टे तिथे भेटतात, त्यामुळे लांबी कशी मोजायची हे तिथे आधीच ठरवून घेतलेले बरे.

दुसरी अडचण अधिक किचकट आहे. दर्जा वाढला की रस्त्याचा क्रमांक बदलतो आणि बऱ्याचदा साखळी जिथून मोजायची ते शून्यही बदलते. जुन्या ग्रामीण मार्गाचा ४/२०० हा नव्या इतर जिल्हा मार्गाचा ०/०० ठरतो. म्हणून अधिकृत क्रमांक रेषेला चिकटवू नये. रेषेला कधीही न बदलणारा स्वतःचा ओळख क्रमांक द्यावा, आणि ग्रामीण मार्ग क्रमांक काय, इतर जिल्हा मार्ग क्रमांक काय, त्यांची साखळी कुठून सुरू होते, हे सारे तक्त्यात ठेवावे. मग दोन मार्ग काही अंतर एकाच रस्त्यावरून जात असतील, तर ती सामाईक लांबी दोनदा रेषा न काढता दोन नोंदींत बसते आणि गोषवाऱ्यात एकदाच मोजता येते.

तक्त्यात आणखी दोन रकाने आग्रहाने ठेवावेत : दर्जा कोणत्या तारखेपासून लागू झाला आणि कोणत्या तारखेपर्यंत होता. १९४३ च्या नागपूर योजनेने घालून दिलेली राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामीण मार्गापर्यंतची उतरंड आजही कायम आहे, पण त्या उतरंडीवर रस्ते सतत वर-खाली होत असतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली, तेव्हा चंदीगडने शहरातील रस्त्यांचे वर्गीकरणच बदलून ते प्रमुख जिल्हा मार्ग केले होते. असे काही घडले, की अमुक तारखेला रस्ता कोणत्या दर्जाचा होता या प्रश्नाला मोल येते. आपल्याकडे हाच प्रश्न रस्ता जिल्हा परिषदेकडून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेल्यावर, खड्ड्यांचा खर्च कोणी करायचा या निमित्ताने निघतो. तुकड्यांच्या पद्धतीत याचे उत्तर देण्यासाठी दरवर्षीच्या नकाशाची प्रत जपून ठेवावी लागते.

नगरपरिषदेचे काम असेल, तर मात्र मी तुकड्यांकडेच बोट दाखवीन. शहरातील गल्ली चौकापासून चौकापर्यंत मोजली जाते, तिथे किलोमीटरचे दगड नसतात, आणि विकास आराखड्यातील रस्ता साखळीपेक्षा रुंदीने ओळखला जातो. जिल्हा परिषदेतही तक्ते सांभाळणारा एखादा माणूस कायम उपलब्ध नसेल, तर साखळीचा आग्रह धरताना दोनदा विचार करावा. तसा माणूस असेल, तर माझे मत साखळीच्या बाजूने आहे.

तुकड्यांचा नकाशा आधीच तयार असलेल्यांनी सारे मोडून नव्याने काढण्याची गरज नाही. एका तालुक्याचे तुकडे जोडून सलग रेषा कराव्यात व जुन्या तुकड्यांच्या कडांवरून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’चे आकडे काढावेत. त्याआधी प्रत्येक रेषेची दिशा तपासावी, कारण नकाशा काढणाऱ्याने ती सोयीच्या टोकाकडून ओढलेली असते, आणि साखळी उलट्या टोकापासून मोजली गेली तरी सॉफ्टवेअर काहीही तक्रार करत नाही.