नौपाड्यातलं हार्टचं क्लिनिक, गोळीची घाई नाही
आईचं वय ७६, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १६८ आला आणि घरात सगळ्यांचं एकच, गोळी सुरू करा. इथल्या डॉक्टरांनी आधी बीपी, शुगर, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का सगळं विचारलं, थायरॉईडची टेस्ट पण करायला लावली कारण थायरॉईड कमी पडला तरी कोलेस्टेरॉल वाढतं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांना स्टॅटिन (हीच कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) शक्यतो लागतंच म्हणाले, पण तसं काही नसताना पंचाहत्तरीनंतर नव्याने सुरू करायचं तर फायद्याचा पुरावा तेवढा पक्का नाही, म्हणून रिपोर्ट बघून आणि आजींना विचारून ठरवू. सगळं आईशीच बोलले, खूप बरं वाटलं. लिफ्ट मात्र नाही, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.