पेलेट ग्रिल: डिस्प्लेवरचे ११० आणि जाळीवरचे ११०

पहिल्या दिवशी मी या पेलेट ग्रिलच्या, म्हणजे लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या शेगडीच्या, जाळीवर मांस नाही, तीन थर्मोमीटर ठेवले. काय करणार, पोटापाण्याचा धंदाच तो. कारखान्यातली तापमान मोजणारी उपकरणं तपासायची आणि चुकत असतील तर ताळ्यावर आणायची. बायको म्हणाली, "अरे, आपल्याला जेवायचंय की ऑडिट करायचंय?" जेवलो, पण फार उशिरा.

ग्रिल ११० अंश सेल्सिअसवर लावलं आणि तासभर नुसतं तापू दिलं. डिस्प्लेवर ११०, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. जाळीच्या मधोमध ११७. डावीकडे, फायर पॉटच्या (गोळ्या जळतात ते भांडं) बरोबर वर, १२९. उजव्या कडेला १०८. झाकणावरचा गोल डायल मात्र ९५ वर निवांत बसलेला. तिन्ही थर्मोमीटर आधी बर्फाच्या पाण्यात घालून शून्यावर तपासले होते, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायची सोय नव्हती.

डायल सोडला तर यातलं खोटं कुणीच बोलत नव्हतं. हॉपरमधल्या, म्हणजे साठवणीच्या पेटीतल्या, सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी गोळ्या ऑगर, म्हणजे लांबलचक स्क्रू, ढकलत नेतो आणि फायर पॉटमध्ये टाकतो. पंखा हवा देतो. वरच्या आडव्या पत्र्यामुळे ज्वाळा थेट जाळीला लागत नाहीत, गरम हवा कडेकडेने वर येते. या सगळ्या कारभारात कंट्रोलरला डोळा एकच: भिंतीतून आत आलेला बोटाएवढा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी. माझ्या ग्रिलमध्ये तो उजव्या भिंतीला आहे, जाळीच्या चार बोटं खाली. तिथे ११० आहेत एवढंच तो सांगतो. तुमचा तुकडा कुठे ठेवलाय हे त्याला कुठून कळणार? या जागेबद्दल मी कंपनीच्या पाच ताऱ्यांतला एक तारा कापतो. जाळीच्या मध्याजवळ प्रोब आणायला फार तर वीतभर वायर जास्त लागली असती.

कंट्रोलरला मात्र पैकीच्या पैकी. हा पीआयडी आहे. म्हणजे नुसतं "कमी झालं, टाक गोळ्या" असं करत नाही. किती कमी आहे, किती वेळ कमी आहे आणि किती वेगाने बदलतंय, असं तिन्ही बघून गोळ्या सोडतो. माझ्या आधीच्या ग्रिलमध्ये ठरावीक वेळेचा कंट्रोलर होता: कमी आचेला ऑगर १५ सेकंद फिरणार आणि ६५ सेकंद थांबणार. कंट्रोलरच्या सेटिंगचा आकडा एकाने वाढवला की थांबायचा वेळ दहा सेकंदांनी वाढायचा. वारा सुटला की आपण उठून आकडा बदलायचा. वीस-वीस अंशांचे झोके नेहमीचेच. नव्यात तीन-चार अंशांच्या वर हेलकावा मी पाहिलेला नाही. एक खरं सांगतो, धुराची चव जुन्याची जास्त होती. आग मंदावून धुमसली की धूर होतो. नव्याची आग सतत जळते आणि स्वच्छ जळते, म्हणून धूर कमी. चव हवी तर पहिले दोन तास ९० च्या आसपास ठेवून मग आच वाढवायची. मी तसंच करतो.

आता माझे पराक्रम. पहिल्या मोठ्या तुकड्याला, डुकराच्या खांद्याला, आतलं तापमान ७१ वर अडकलं आणि तीन तास हललं नाही. मी ग्रिलला शिव्या घातल्या, दर वीस मिनिटांनी झाकण उघडून पाहिलं. ग्रिलचा काही दोष नव्हता. मांसातलं पाणी वर येऊन वाफ होत होतं आणि आपल्याला घामाने गार वाटतं तसा तुकडा स्वतःला गार करत होता. वर माझ्या झाकण उघडण्याने प्रोब गार पडायचा, कंट्रोलर घाबरून गोळ्या सोडायचा आणि झाकण लागलं की त्या सगळ्या एकदम पेटायच्या. डिस्प्लेवर १४० पाहिले त्या दिवशी. आता तुकड्यात वेगळा प्रोब खुपसतो आणि ९५ होईपर्यंत झाकणाला हात लावत नाही.

दुसरा जास्त गंभीर. हॉपरमध्ये गोळ्या आठवडाभर उघड्या राहिल्या. त्या दमट हवेने फुगल्या, ऑगरच्या वर पोकळी झाली, बाजूला गोळ्यांचा ढीग तसाच. तापमान ६० वर उतरलं तेव्हा मला पत्ता लागला. मी हॉपर ढवळला आणि सरळ पुन्हा चालू केलं. चूक! ऑगर रिकामा फिरायच्या आधी विझत्या पॉटमध्ये बऱ्याच गोळ्या पडून राहिल्या होत्या. आधी पांढराशुभ्र दाट धूर, मग धप्प, आणि डिस्प्ले दोनशेच्या पुढे. आग विझली असेल तर ग्रिल बंद करा, थंड होऊ द्या, पॉट रिकामा करा आणि मगच पेटवा. पुस्तिकेत हे आहे, पण बाविसाव्या पानावर, बारीक अक्षरात. आणखी एक तारा कापला.

देखभाल फार नाही. चार-पाच वेळा वापरलं की पॉटमधली राख काढतो, नाहीतर हवेला वाट मिळत नाही. प्रोबवर काजळी बसली की तो तापमान उशिरा ओळखतो. ओल्या फडक्याने पुसला की ताळ्यावर येतो. पत्र्यावरची चरबी खरवडायला कंटाळू नका, जास्त आचेला तीच पेट घेते.

चटका देऊन भाजायला हे यंत्र नाही. २३० वर लावलं तरी जाळी लोखंडी तव्याइतकी तापत नाही. त्यासाठी वेगळी शेगडी ठेवा. कोंबडीच्या तंगड्या मात्र १९० वर सुरेख होतात, आत ७४ भरले की उतरवायच्या.

पाचपैकी तीन तारे, आणि तरी परत हेच घेईन. मी ११० हवे असतील तर १०३ लावतो, जाड बाजू डावीकडे ठेवतो. झाकणावरचा डायल काढून त्या भोकात बोल्ट बसवलाय.