रेड लाइट मास्क: सात-आठ महिन्यांनंतर खरं खरं

सुरकुत्यांसाठी चेहऱ्यावर लावायचा हा एलईडी दिव्यांचा मास्क दिवाळीच्या सेलमध्ये घेतला होता, आता पावसाळा लागला, तेव्हा लिहायला हरकत नाही. वय पन्नाशीकडे, रंग सावळा आणि वर्षानुवर्षं इंदूरच्या उन्हात स्कूटीवर, म्हणजे चेहऱ्याचं काय झालं असेल ते समजून घ्या.

फरक पडलाय, पण थोडा. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेघांमध्ये कॉम्पॅक्ट जाऊन बसायचं, लग्नाकार्यात तासाभरात नुसत्या पांढऱ्या भेगा दिसायच्या, ते जवळजवळ थांबलं, आणि तेही दिसायला तीनेक महिने गेले. कपाळावरच्या आठ्या आहेत तिथेच. गालावरचे वांगही तसेच, त्यासाठी घेणार असाल तर राहू द्या, पैसे सनस्क्रीनवर घाला.

माझ्या मास्कमध्ये ६३३ आणि ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचे असे दोन प्रकारचे एलईडी आहेत. ८३० वाला इन्फ्रारेड, तो डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे अर्धे दिवे बंद वाटतात आणि लोक पीस खराब म्हणून परत पाठवतात! मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, फिकट जांभळट दिसतात.

पार्लरवाली मात्र फोटोफेशियल करा म्हणून मागे लागली होती. ते म्हणजे आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट), प्रकरणच वेगळं. एलईडीचा उजेड मवाळ असतो, आयपीएलमध्ये जोराचा झोत मारतात, तो त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, शोषून घेतं आणि तापतं, आता आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन मुळातच जास्त, मग डाग जायचे राहिले बाजूला, भाजून नवीन पडतात. आमच्या जाऊबाईंनी एका ठिकाणी करून घेतलं तर गालावर चक्क चौकोनी काळे पट्टे उठले, मशीनच्या काचेच्या मापाचे, जायला वर्ष लागलं. करायचंच असेल तर स्किनच्या डॉक्टरकडेच, आणि आधी छोट्या जागी टेस्ट करायला लावा. मुरमांसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर साध्या मास्कसाठीसुद्धा विचारून घ्या.

बाकी, मे महिन्यात सिलिकॉनखाली घामाच्या धारा लागतात. रंगपंचमीच्या गेरनंतर (आमच्याकडची रंग उधळत निघणारी मिरवणूक) चेहरा चुरचुरत होता तेव्हा आठवडाभर लावलाच नाही. आमचे हे अजूनही रात्री दचकतात, पण ती त्यांची अडचण.

बेल्ट लवकर सैल झाला, कंपनी म्हणते नुसता बेल्ट मिळत नाही, नवीन सेट घ्या. राजवाड्याजवळून इलॅस्टिक आणून शिवलं, मस्त चाललंय.