सनरूफ नको, आधी घराचं अर्थिंग बघा

बेळगावच्या वडगावात आमचा मागावरच्या साड्यांचा धंदा आहे. दर शुक्रवारी गोव्यात म्हापशाच्या बाजाराला माल न्यायचा, महिन्यातून एकदा-दोनदा निपाणी-कोल्हापूर. जुन्या डिझेल गाडीनं मान टाकली तेव्हा इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलं आणि घरात तीन पक्ष झाले. आमच्या ह्यांना सनरूफ हवं होतं, मुलाला मोठा स्क्रीन. मला गठ्ठे घेऊन गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढून परत यायचं होतं.

शोरूमचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरानं पाऊण तास सनरूफ, सीटमधून येणारा गार वारा, रंग बदलणारे दिवे दाखवले. बोलून काच उघडते म्हणाला. म्हटलं, बाबा, मला हात आहेत. चोर्ल्यातून परत येताना किती टक्के उरतील ते सांग. तर मॅनेजरला विचारून येतो म्हणून गेला तो चहा घेऊन आला.

मग हिशेब मीच मांडला. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली केरी, साखळी, म्हापसा. जाऊन-येऊन दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. त्यात येताना साधारण सातशे मीटर चढ. माणसं आणि साड्या धरून दीड-पावणेदोन टनाची गाडी तेवढी वर उचलायची तर नुसत्या उचलण्यातच तीन-साडेतीन युनिट जातात, चाकं फिरवायला लागतात ते वेगळेच. आम्ही बघत होतो ती टाटाची पंच ईव्ही २०२४ च्या जानेवारीत आली तेव्हा दोन बॅटऱ्यांत होती, २५ आणि ३५ युनिटच्या. कागदावर ३१५ आणि ४२१ किलोमीटर. हे आकडे चाचणीतले, त्यात जांबोटीचे खड्डेही नाहीत आणि आमच्या साड्याही नाहीत. पाव भाग तरी वजा करायचा. २५ ची घेतली असती तर घाट चढून आल्यावर कणकुंबीत माउली देवीलाच साकडं घालावं लागलं असतं. सनरूफचे पैसे वाचवले आणि ३५ ची घेतली.

गुरुवारी रात्री पूर्ण भरते. पहिल्या खेपेला वहीत लिहून ठेवलं होतं: चोर्ल्याला ८० टक्के, केरीत उतरले तर ८१. उतारावर पाय उचलला की मोटरच गाडी आवरते आणि बॅटरीत थोडं परत टाकते, ते हे. या आवरण्याला कमी-जास्त करता येतं, आणि घाटवाल्यांसाठी मला तेच सगळ्यात कामाचं फीचर वाटलं. ब्रेक तापत नाहीत, धुक्यात पाय दमत नाही. फक्त घाटाच्या तोंडाशी बॅटरी काठोकाठ भरलेली नको, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. घरी पोचले तेव्हा १९ टक्के उरले होते. एसी मात्र येताना बंद ठेवला होता, खरं सांगते.

आता मुख्य गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी काढलीच नाही. गाडी आली, सोप्यात प्लग लावला, चार्जरवर लाल दिवा. दुसऱ्या दिवशीही लालच. मला वाटलं, गाडीच खराब दिली. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं होल्डरला बल्ब लावून एक वायर फेजला, दुसरी अर्थच्या भोकात घातली. बल्ब पेटलाच नाही. "वैनी, अर्थिंगच नाही की ओ तुमच्या घराला. गाडी शहाणी आहे, म्हणून घेत नाही." म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी वायरच नव्हती. सासऱ्यांच्या काळातलं घर; चाळीस वर्षं फ्रिज, मिक्सर सगळं तसंच चाललेलं! मग परसात विहिरीजवळ खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा आणि खडे मीठ घालून बुजवला, वर चार घागरी पाणी ओतलं. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, सॉकेट नवीन बसवलं. सगळे मिळून साडेसहा हजार गेले. संध्याकाळी हिरवा दिवा लागला तेव्हा सासूबाईंनी चार्जरला हळदकुंकू लावलं.

साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर रिकामी गाडी भरायला तेरा-चौदा तास जातात. आमचं भागतं. ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर घ्यायचा तर हेस्कॉमकडून (आपली वीज कंपनी, जुनी केईबी) लोड वाढवून घ्यावा लागेल, तेव्हा तो आधी विचारूनच घ्या. आणि पावसाळ्यात खानापूर भागात रात्रभर वीज जाते, म्हणून त्या बाजूच्या लोकांनी गाडी ४० टक्क्यांखाली कधी झोपवू नये.

हायवेवरच्या चार्जरांबद्दल काय बोलायचं! कोल्हापूरच्या वाटेवर एका हॉटेलसमोर मोबाइलवर 'चालू' दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद, आणि त्याच्यासमोर कुणाची तरी पेट्रोल गाडी लावलेली. जलद चार्जिंगचा वेग कागदावर बघण्यापेक्षा घरून निघताना भरून निघा.

बाकी थोडक्यात. जमिनीपासून उंची १९० मिलिमीटर आहे, जांबोटीच्या पुढे ती लागतेच. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी, हे मी लिहून घेतलं. स्क्रीन मोठा आहे, मुलगा खूश. गार वाऱ्याच्या सीटचं वाईट वाटतं ते फक्त एप्रिलमध्ये, म्हापशात.

हल्ली बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरचं किट देतात. कणकुंबीच्या पावसात मी ते किट घेऊन बसणार नाही. वेगळं चाक विकत घेतलं आणि डिकीत ठेवलं. त्यामुळे साड्यांचा एक गठ्ठा आता मागच्या सीटवर बसतो. घाटात लोळू नये म्हणून त्याला बेल्टही लावते.