बेलफास्टची काळ्या टॅक्सीतली टूर : वेळ कमी पडला तरी नक्की घ्या

आईला घेऊन उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेलेलो, टायटॅनिक म्युझियम सगळेच बघतात पण मला ही टूर जास्त लक्षात राहिली. काळी टॅक्सी, दीड तास, ड्रायव्हरकाकाच गाइड. फॉल्स रोड कॅथलिकांचा, शॅन्किल रोड प्रोटेस्टंटांचा आणि मधे भिंत, दोघांच्यात वर्षानुवर्षं चाललेल्या हिंसक भांडणातली.

आईने सुरुवातीलाच विचारलं, "अरे दोघं ख्रिश्चनच ना, मग एवढं भांडण कसलं?" मी ते इंग्रजीत सांगितल्यावर काकांनी गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे समजावलं. म्हणाले, पूजा कशी करायची यावरून इथे कोणी बंदूक उचलली नाही, प्रश्न घराचा होता. १९६० च्या दशकात तिथे कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) निवडणुकीत ज्याच्या नावावर घर त्याला आणि त्याच्या बायकोलाच मत, म्हणजे सरकारी घर कोणाला मिळतं यावर कोणाची मतं वाढणार ते ठरायचं, आणि डेरी शहरात कॅथलिक जास्त असूनही वॉर्ड असे पाडलेले की सत्ता प्रोटेस्टंटांकडेच. घर, नोकरी, मत सगळं चर्च बघून मिळायला लागलं की शेजारी शेजारी राहतच नाही हो, हे मला तिथे पटलं. १९६८ ला याविरुद्ध मोर्चे निघाले, १९६९ च्या ऑगस्टमध्ये घरं जळली आणि १९९८ च्या शांतता करारापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

जळलेल्या गल्लीचं नाव बॉम्बे स्ट्रीट! आई पाटी बघून थबकलीच. घरं आता नवीन आहेत, पण मागची परसं भिंतीला लागून, म्हणून पलीकडून काही फेकलं तर लागू नये यासाठी वरून लोखंडी जाळीचा पिंजरा केलाय. एका जाळीखाली दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते, आई तिथून हलेना. भिंत १९६९ मध्ये तात्पुरती म्हणून घातलेली, नंतर वाढतच गेली, खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी.

दोन गोष्टी खटकल्या. भिंतीपाशी हातात मार्कर देतात, नाव लिहा म्हणून, मी नाही लिहिलं, लोकांच्या दुःखावर आपली सही कशाला. आणि शॅन्किल बाजू घाईत उरकली. १९९३ मध्ये तिथल्या मासळीच्या दुकानात आयआरएचा (ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी, कॅथलिक बाजूची सशस्त्र संघटना) बॉम्ब फुटला, नऊ निरपराध माणसं आणि बॉम्ब आणणारा एक जण गेला, तिथे गाडी थांबवायलाच हवी होती, कारण एकाच बाजूचं दुःख ऐकून परत आलात तर अर्धंच ऐकलंत.

पाचपैकी चार स्टार. दिवसाउजेडीच जा, भिंतीतली काही गेटं अजूनही संध्याकाळी बंद होतात. तिथे त्या संघर्षातले माजी कैदी चालत फिरवतात अशीही टूर आहे, अर्धा रस्ता एका बाजूचा माणूस, पुढे दुसऱ्या बाजूचा. पुढच्या वेळी ती करणार, आईला घेऊनच.